दोनशे एकतीसचे एकशे अडतीस

"सैनिक बारा आणि विजारी झाल्यात चार!" बायको शिलाई मशीनवरून ओरडली. "सहाला पडदा वर जाणार. बाकीच्या आठ जणांनी काय ढालीआड उभं राहायचं?"

शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायचं काम घेऊन ती सकाळपासून माहेरी, आईच्या विजेच्या मशीनवर ठाण मांडून बसली होती. मशीन असं चालत होतं, की दोन टाक्यांच्या मध्ये माणसाची एक डुलकी सहज व्हावी.

"ते तसंच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तेल पाजतेय मी त्याला."

"वय होतं एकेकाचं," कपाटाला टेकवलेल्या आरामखुर्चीतून सासरे म्हणाले. "इलेक्ट्रिशियन बोलवून उपयोग नाही."

"इलेक्ट्रिशियन कशाला? मी आहे ना!" तिचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, म्हणाला. तो विमा कार्यालयात होता. पण गेल्याच आठवड्यात त्याने वीज मोजायचा मल्टिमीटर घेतला होता आणि घरातलं मोजण्यासारखं सगळं मोजून संपलं होतं.

त्याने मशीनशेजारच्या प्लगमध्ये मीटरच्या तारा खुपसल्या. मशीन बंद असताना दोनशे एकतीस व्होल्ट. मशीन चालू केलं, एकशे अडतीस! पुन्हा बंद, दोनशे एकतीस. चालू, एकशे अडतीस! जावयाला आनंदाने घाम फुटला.

"बाहेरून येणारी वीजच कमी असणार," सासरे म्हणाले.

जावई धावत स्वयंपाकघरात गेला. फ्रिज चालू असूनही तिथे दोनशे एकोणतीस. "तिकडे भरपूर आहे, बाबा!"

"मग तिकडेच संपत असेल."

"कुठेतरी जोड सैल झालाय," जावयाने जाहीर केलं आणि मेन स्विच पाडला. तीन बोर्ड उघडले गेले. स्क्रू वाटीत, वाटी फ्रिजवर आणि फ्रिजखाली पाण्याचं तळं. पंखा थांबला. सैल एकही जोड सापडला नाही. बायको हाताने चाक फिरवत पाचव्या विजारीच्या गुडघ्यापर्यंत पोचली होती.

"साडेतीन वाजले!" ती म्हणाली. "तुझ्या मीटरला जरा घड्याळ दाखव."

आता उरली फक्त वायर. भिंतीवरच्या पट्टीवर बोट ठेवून जावई निघाला तो थेट आरामखुर्चीपाशी येऊन थांबला.

"बाबा, जरा उठता? वायर तुमच्या मागे गेलीय."

"जाऊ दे की. मी कुठे अडवतोय तिला?"

सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "अहो, दुपारी तुम्ही झोपेमुळे उठत नाही, ते ठाऊक आहे मला. पण आज टक्क जागे आहात. उठा!"

सासरे उठले. तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागे भिंतीवर, मशीनच्याच वायरमध्ये जोडलेला, पंख्याचा जुना, विटेएवढा लोखंडी रेग्युलेटर होता. त्याखाली निवृत्त हेडक्लार्क सासऱ्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: 'दुपारी एक ते चार, दोनवर. इतर वेळी पाचवर. विसरू नये.'

खटका दोनवर होता. त्याच्यावर एकोणीस वर्षांची धूळ होती.

"ऐन झोपेच्या वेळी मशीनचा खडखडाट व्हायचा," सासरे हळूच म्हणाले. "पाचवर मी नेणारच होतो. पण कपाट पुढ्यात आलं आणि हात पोचेना."

"आणि मी तेल पाजत बसले!" सासूबाईंचा आवाज मात्र पूर्ण दोनशे एकतीसवर होता.

जावयाने रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडली आणि मेन चढवला. मशीन धडधडत असं सुटलं, की बायकोच्या हातून कापड निसटलं. "अरे, उडतंय हे!" ती आनंदाने किंचाळली. सव्वापाचला बारावी विजार घडी होऊन पिशवीत पडली.

"तू ग्रेट आहेस!" ती म्हणाली. "ठरलं. आता घरीच मशीन घेते, अस्संच वेगवान! तू दुपारी झोपतोस त्या खोलीत, खिडकीपाशी उजेड चांगला आहे. रविवारी दुपारीसुद्धा काम होईल."

मायलेकी पिशव्या घेऊन पुढे गेल्या. जावई रेंगाळला. कोपऱ्यात पडलेला रेग्युलेटर त्याने उचलला, फुंकर मारून धूळ झाडली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"बाबा," त्याने आवाज खाली आणला, "वायर किती लागली होती?"

आरामखुर्चीतल्या सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत.

"चार मीटर. आणि कपाट जड घ्या."