ओट्याचं समीकरण

सरांनी लिंबाची फोड उचलली तेव्हा तिच्याखाली पांढऱ्याशुभ्र संगमरवरी ओट्यावर बांगडीएवढा निस्तेज डाग उमटलेला होता, आणि मालकीणबाई संध्याकाळी पाच वाजता घर बघायला यायच्या होत्या.

ओटा भाड्याच्या घराचा होता आणि सर रसायनशास्त्राचे होते. म्हणजे हा डाग का पडला हे ज्याला सगळ्यांत नेमकं सांगता आलं असतं, त्याच्याच हातून तो पडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाळेत मुलं त्यांना 'संतुलन सर' म्हणत, कारण समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय ते फळ्यापासून हलत नसत. घरीही दोन कपांतला चहा डोळ्यांसमोर धरून सारखा करायचे आणि मगच प्यायचे. तोवर तो निवलेला असायचा, पण सारखा निवलेला असायचा.

मालकीणबाईंची रीत अशी, की दरवर्षी करार पुढे चालू करण्याआधी त्या स्वतः येऊन घराचा कोपरान् कोपरा बघत. आधीच्या भाडेकरूनं भिंतीत एक खिळा ठोकला होता. आता तो कुठे राहतो हे कोणालाच माहीत नाही. सरांच्या बायकोचं पडदे शिवायचं दुकान याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं, मुलीची शाळा कोपऱ्यावर होती आणि तिचं दहावीचं वर्ष होतं. लग्नानंतर तीन घरं बदलून झाल्यावर बायकोनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की चौथ्यांदा घर बदलायचं असेल तर सरांनी खुशाल बदलावं, ती इथेच राहील.

झालं होतं असं, की मुलीला समीकरणं संतुलित करता येत नव्हती. एका बाजूला ऑक्सिजन कमी पडला की ती सरळ पाण्याच्या सूत्रातच एक ऑक्सिजन वाढवी आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून मोकळी होई. सर कळवळून सांगत, की सूत्राला हात लावायचा नाही, फक्त पुढे आकडे लिहायचे आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या. अभिक्रियांचे प्रकारही तिच्या डोक्यात राहत नव्हते. संयोग म्हणजे दोघांचं लग्न, अपघटन म्हणजे घर फुटणं, विस्थापन म्हणजे दांडग्यानं येऊन दुसऱ्याची खोली बळकावणं, इथवर तिला पटलं. दुहेरी विस्थापनाशी गाडी अडली. दोन घरांतल्या बिऱ्हाडांची अदलाबदल, असं सर परोपरीनं सांगत होते.

शेवटी प्रयोग करून दाखवू म्हणून त्यांनी वाटीत खायचा सोडा घेतला आणि वर लिंबू पिळलं. सोडा फसफसला, मुलगी हसली आणि सर रंगात आले. आम्ल कार्बोनेटला कसं खातं यावर त्यांनी लांबलचक व्याख्यान दिलं. तेवढा वेळ लिंबाची उरलेली फोड ओट्यावर पालथी पडून तेच करत होती.

"बाबा, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच ना?" मुलीनं डागाकडे बघत विचारलं.

"हो," सर म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आधी त्यांनी सोड्यानं घासलं. त्यानं आम्ल मेलं, पण गेलेली चकाकी काही परत आली नाही. मग दंतमंजन लावलं. मग चकाकी आणायची म्हणून बुटांचा ब्रश फिरवला. ब्रशला जुनं काळं पॉलिश आहे हे तो फिरवून झाल्यावर लक्षात आलं. ते काळं काढायला हाताशी होतं त्यानं पुसलं, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताशी नेमकी व्हिनेगरची बाटली होती. काळं निघालं. डागाच्या बांगडीची मात्र बशी झाली आणि बशीचं ताट झालं.

इतक्यात बायको दुकानातून वर आली. ती ओरडली नाही. स्टूल ओढून बसली आणि ओट्याकडे बघत राहिली. सरांना ओरडणं परवडलं असतं.

"शेगडी सरकवून ठेवू त्याच्यावर," सर म्हणाले.

"मागच्या वर्षी त्यांनी शेगडी उचलून खाली बघितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्हीच तर एक बाजू धरली होती."

घड्याळ पुढे चाललं होतं. सरांना टेम्पोवर चढवलेलं कपाट दिसू लागलं, बंद झालेलं दुकान दिसू लागलं आणि ऐन परीक्षेत लांबून धावत येणारी मुलगी दिसू लागली. त्यांना खरोखर रडू येत होतं.

मुलगी डागाकडे एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघत होती. "बाबा, ही बाजू त्या बाजूसारखी होत नाहीये ना? मग ती बाजू हिच्यासारखी करा. दोन्ही सारख्या झाल्याशी कारण."

"म्हणजे अख्खा ओटा खराब करायचा?" सर म्हणाले.

"डाग निघत नसेल तर आम्ही अख्खं कापड त्याच रंगात बुडवतो," बायको उठत म्हणाली. "गिऱ्हाईक वर आणि कौतुक करतं. मी वाण्याकडून व्हिनेगर आणते."

वाण्याकडच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या आल्या. सगळीकडे सारखं लागावं म्हणून बायकोनं पडद्यांचं अस्तर फाडून त्याच्या पट्ट्या ओट्यावर अंथरल्या, मुलगी त्यावर व्हिनेगर ओतू लागली आणि सर घड्याळ हातात धरून उभे राहिले. अस्तराखालून बारीक बुडबुडे येऊ लागले. आयुष्यभर मुलांना हेच बुडबुडे कौतुकानं दाखवणाऱ्या सरांना आता ते बघवेनात. मग पट्ट्या काढल्या, सोड्याचं पाणी फिरवलं, पुसलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. तेवढ्यात बेल वाजली. मालकीणबाई वेळेआधी आल्या होत्या.

त्यांनी दिवाणखाना बघितला, न्हाणीघर बघितलं, दारामागे बघितलं. स्वयंपाकघरात येऊन त्या थांबल्या आणि ओट्यावरून बोटं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. कोणी श्वास घेत नव्हतं, आणि व्हिनेगरच्या वासामुळे घ्यावासाही वाटत नव्हता.

"हा असा कसा झाला?" त्यांनी विचारलं.

सरांना खोटं बोलता येत नसे. "आम्ही केला," ते पुटपुटले.

"तुम्ही?" बाई वाकून पुन्हा बघू लागल्या. "अहो, हा मऊ, बिनचकाकीचा ओटा मी भाचीच्या नव्या घरात बघितला. तेव्हापासून ह्यांच्या मागे लागलेय. आमच्या ओट्यावर पाण्याचा थेंब पडला तरी दिसतो." मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "रविवारी माझ्याकडे या आणि माझाही असाच करून द्या. कराराचे कागद तयार ठेवते. ओटा झाला की सही."

त्या गेल्यावर बायको पहिल्यांदा हसली. सरांना मात्र हसू येईना. एकदा अपघातानं साधलेली गोष्ट आता ठरवून साधायची होती, आणि तीही मालकिणीच्या डोळ्यांदेखत. आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखं त्यांना झालं.

रविवारी तिघंही बाटल्या आणि अस्तर घेऊन गेली. मालकीणबाईंचं स्वयंपाकघर प्रशस्त होतं. कोपऱ्यात त्यांचे यजमान वर्तमानपत्र उघडून बसले होते. हा संगमरवर ह्यांनी स्वतः खाणीवर जाऊन निवडला, बाईंनी अभिमानानं सांगितलं. भाड्याच्या घरात लावला तो आपला साधा, स्वस्तातला. वर्तमानपत्राची घडी किंचित हलली.

सरांनी पट्ट्या अंथरल्या, व्हिनेगर ओतलं आणि घड्याळ धरलं. बुडबुडा आला नाही. आणखी ओतलं. काही नाही. एक पट्टी उचलून बघितली, तर ओटा होता तसाच लखलखत होता. सरांनी कडेला नख मारून बघितलं. हा दगड संगमरवर नव्हता. कारखान्यात बनवलेला, संगमरवरासारखा दिसणारा नकली दगड होता.

मुलीनं तोंड उघडलं. "बाबा, अभिक्रिया होत नाही म्हणजे हा कॅल्शियम कार्…"

बायकोनं तिच्या पायावर पाय दिला. वर्तमानपत्र आता चांगलंच थरथरत होतं, आणि त्याच्यावरून दोन डोळे सरांकडे बघत होते. इतके केविलवाणे डोळे सरांनी फक्त तोंडी परीक्षेत बघितले होते.

"काय झालं सर?" बाईंनी विचारलं. "होत नाहीये का?"

सरांनी घसा खाकरला. "बाई, तुमच्या दगडावर आम्लाचा परिणाम होत नाही," ते म्हणाले. "हा आमच्या ओट्यापेक्षा वेगळा आहे. असा दगड घरगुती ओट्यांवर मी फारसा पाहिलेला नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मालकीणबाईंचा चेहरा उजळला. "मला वाटलंच. ह्यांची निवड आहे. राहू दे मग असाच. तुमचा तो हलका दगड तुम्हाला लखलाभ."

यजमान वयाच्या मानानं फारच चपळाईनं उठले. कराराचे कागद त्यांनीच पुढे केले, पेनही त्यांनीच आणलं, आणि बाईंची सही होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले. मग पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत आले आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

"गवंड्यानं दोन्ही घरांचे दगड उलटसुलट बसवले," ते मागे बघत कुजबुजले. "इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. मला कळलं तोवर हिनं सगळ्या नातेवाइकांना ओटा दाखवून झाला होता. तुम्ही हवं तितकी वर्षं राहा, सर. फक्त तिला सांगू नका."

झाकली मूठ झाकलेलीच राहील, असं सरांनी वचन दिलं. रस्त्यानं परतताना बायको कागद छातीशी धरून चालत होती. मुलगी एकदम थांबली.

"बाबा, आता कळलं दुहेरी विस्थापन," ती म्हणाली. "पण हे उदाहरण पेपरात लिहिलं तर आपल्याला घर सोडावं लागेल ना?"