वाव नसलेलं जंगल

आमच्या कार्यालयामागचं जंगल उत्तम अवस्थेत होतं, हीच खरी अडचण होती. सरळसोट वाढलेली खोडं, मधोमध एक म्हातारं ढोलीचं झाड आणि ढोलीत एक घुबड. भावी लाकूड आणि वन्यजीवांचा अधिवास सुधारण्यासाठी वरून घसघशीत गुंतवणूक येणार होती. अट एवढीच, की साठ वर्षांनंतरचं जंगल आजच्या दुप्पट चांगलं दिसलं पाहिजे.

"याच्या दुप्पट म्हणजे काय करायचं हो? घुबडाला पडदे शिवून द्यायचे?" मोठे साहेब हवालदिल झाले. गुंतवणूक परत गेली असती, तर त्यांची बढतीही तिच्याबरोबर गेली असती.

मी नियोजन अधिकारी. मी म्हणालो, "साहेब, भविष्य दुप्पट होत नसेल, तर वर्तमान निम्मं करू."

साहेबांनी मला मिठीच मारली. अर्धं जंगल लगेच उतरवलं. पण उरलेल्या झाडांना ऐसपैस ऊन मिळालं आणि ती मेली आणखीच तरारली. आलेख पुन्हा बिघडला, म्हणून तीही काढावी लागली.

"अहो, तुम्हाला जंगल वाचवायला नेमलंय ना?" बायकोने जेवताना विचारलं.

"वाचवायला नाही, सुधारायला."

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून तिने माझ्या पानात वाढायचं थांबवलं.

राहिलं ढोलीचं झाड. अधिवास विभागाच्या बाईंची त्या घुबडावर पोटच्या पोरासारखी माया. "एवढं तरी ठेवा हो! ते बिचारं जाईल कुठे?"

"बाई, आज एक घुबड धरलं, तर पुढे फार तर दोन दाखवू. आज शून्य धरलं, तर वाढ किती होते? करा हिशेब."

बाईंनी हिशेब केला. वाढ अनंत पट निघाली. बाई ढसाढसा रडल्या आणि त्यांनी सही केली.

झाड पडलं. घुबड मात्र उडून थेट कार्यालयात आलं आणि माझ्या कपाटावर बसलं. कष्टाने मिळवलेलं शून्य हातचं जाणार होतं. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. घुबडाला रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून हजेरीपटावर घेतलं, म्हणजे ते वन्यजीव राहिलं नाही. दिवसभर ते खुर्चीत बसून डुलक्या काढतं. पाहणीला आलेल्या पथकाला काहीच वावगं दिसलं नाही.

गुंतवणूक मंजूर झाली, साहेबांना बढतीही मिळाली.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं झालं आणि कुणी हरकत कशी घेतली नाही? घेतली की! शेवटच्या झाडाखाली आम्ही रीतसर जाहीर सुनावणी ठेवली होती. तुम्हीही आला होतात, सावली बघून गाडी लावली होतीत. गाडीवर पाला पडतो, एवढी एकच लेखी हरकत आली, तीही तुमचीच. आम्ही ती तातडीने मान्य केली.