झिपराक्काचा कवला आणि महाराजांचं भाषण

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, विचारलंत तर तुमच्याच गावाचं नाव सांगेन) झिपराक्का नावाची एक अस्वलीण राहायची. सरळ बसा बाळांनो. नाकातलं बोट काढा. गोष्ट बोधपर आहे.

झिपराक्काला जगात सर्वांत प्यारा मध. नवरा तिसऱ्या नंबरावर. दुसऱ्यावर रिकामं पोळं, चाटायला.

एके दिवशी सातेरी मधमाश्यांच्या राणीने तिला हाक मारली.

"आक्का, आम्ही निघालो."

"कुठे? लग्नाला?"

"शेजारच्या जंगलात. कायमच्या. इथे फूल कुठे उरलंय? तुमच्या महाराजांनी सगळीकडे लॉन लावलं. त्या गवतात आम्ही काय चाखायचं?"

खरंच होतं ते. सिंहमहाराज गर्जनसिंह यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर लॉन पाहिलं होतं. तेव्हापासून जंगलात सुशोभीकरण चालू होतं. सुशोभीकरण म्हणजे काय, बाळांनो? असलेली शोभा उपटायची आणि तिथे फलक लावायचा.

झिपराक्काने हिशेब घातला. माश्या गेल्या की मध गेला. मग उरली वाळवी. आणि वाळवीला चव कशाची, तर दाराच्या चौकटीची.

"राणीबाई, थांबा! मी फुलं लावते. गुलाब लावू?"

"गुलाब नवरदेवाला लाव. आम्हाला कवला लाव."

कवला म्हणजे बुटकं रोप. पिवळी, चिमुकली फुलं. याला खत नको, लाड नकोत. मुरमाड, उपाशी जमीन दिली तरी तक्रार नाही. उलट हवेतलं खत ओढून मुळांवरच्या गाठींत साठवतो आणि जमिनीलाच जेवू घालतो. असा पाहुणा तुमच्या घरी कधी आलाय? आला असेल तर पत्ता द्या त्याचा.

"भादव्यापर्यंत वाट बघते," राणी म्हणाली. "माळ पिवळा दिसला तर राहू. नाहीतर रामराम."

झिपराक्का कड्याच्या टोकाला गेली. तिथे जुन्या कवल्याची चार रोपं उरली होती. त्यांच्या वाळक्या शेंगा तिने ओरबाडून आणल्या. लॉनवाल्यांनी नापास केलेला एक मुरमाड माळ होता, तिथे बी पेरलं.

आणि मग सुरू झाले लाड.

तिने प्रत्येक बियेला मऊ मातीचा बिछाना केला. वर शेवाळाची दुलई घातली. रोज अंगाई म्हटली. अस्वलाची अंगाई ऐकून आजूबाजूचे ससे घर सोडून गेले, ती गोष्ट वेगळी. माळाभोवती काटेरी कुंपण घातलं. त्यावर पाटी: "बी निजले आहे. पाय वाजवू नयेत."

नवरा एकदा चुकून आत गेला. त्याला तिने असा धुतला की तो आठवडाभर कुशीवर झोपला.

आषाढ गेला. श्रावण आला. पाऊस झाला, ऊन पडलं. बी निजलं ते निजलंच. एक कोंब दिसेल तर शपथ!

वर झाडावर माश्यांची आवराआवर सुरू झाली.

तेवढ्यात तरसराव आले. हे महाराजांचे कारभारी. महाराजांच्या विनोदांवर हसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून यांना नेमलेलं.

"खी खी खी! आक्का, अभिनंदन! परवा तुमच्या फुलांच्या माळाचं उद्घाटन. महाराज स्वतः येणार."

"अहो, पण काही उगवलंच नाही!"

"उगवल्यावर उद्घाटन कुणीही करील. न उगवलेल्याचं करायला मोठं मन लागतं. खी खी!"

"माझं बी तुडवलं जाईल हो!"

"तेवढं विकासात चालतं."

परवा उजाडलं. कुंपण काढलं, कारण स्वागतकमानीला काटे हवे होते. हत्ती आले. गवे आले. रानडुकरांच्या लेझीम पथकाने माळ असा दणाणून सोडला की मुरमातून ठिणग्या उडाल्या. मग महाराज मचाणावर चढले आणि बोलू लागले.

बोलले. पुन्हा बोलले. दोनदा "शेवटचं एकच सांगतो" म्हणाले आणि पुन्हा मुळापासून सुरुवात केली. खाली उभी जनता या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. हत्ती कंटाळून माती घासू लागले. मागच्या रांगेतले गवे खुरांनी जमीन उकरत पळवाट शोधू लागले. तरसराव हसत होते. झिपराक्का माळाच्या कडेला बसून ढसाढसा रडत होती. बी गेलं, माश्या गेल्या, मध गेला!

रात्रभर पाऊस झाला. पुढच्या सोमवारी झिपराक्का माळाचं शेवटचं तोंड बघायला गेली.

आणि बघते तर काय, कोंब!

हत्तीच्या पावलात कोंब. गव्याच्या खुरात कोंब. लेझीम झाली तिथे तर दाटी. आणि मागच्या रांगेत, जिथे लोक सर्वांत जास्त कंटाळले होते, तिथे पाय ठेवायला जागा नाही!

मचाणाखाली मात्र एकही नाही. तिथे कुणी फिरकलंच नव्हतं. तिथली दुलई जशीच्या तशी होती.

झिपराक्काने तिथलं एक बी उकरलं. टणक, गुळगुळीत, गारगोटीसारखं. मग खुरातलं एक उकरलं. त्याची साल घासून खरवडली होती, पाणी पिऊन ते टम्म फुगलं होतं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "याला अंगाई नको होती. याला खरवडायला हवं होतं!"

भादव्यात माळ पिवळाधमक झाला. माश्यांनी बांधलेली बोचकी सोडली. मध असा झाला की झिपराक्काने नवऱ्यालाही बोट चाटू दिलं. माळावर पुन्हा समारंभ झाला. तरसराव गरजले, "ही महाराजांच्या विचारांची ताकद! शब्द पेरले, फुलं उगवली!"

झिपराक्का हात वर करून उठली. "अहो, विचार कसले? ते तर पायांनी..."

राणीमाशी तिच्या कानात शिरली. "आक्का, मध हवा की मान?"

झिपराक्का खाली बसली. टाळ्या सर्वांत जोरात तिने वाजवल्या.

पुढल्या ज्येष्ठात ती आपण होऊन दरबारात गेली. हातात हार.

"महाराज, पलीकडचे तीन माळ अजून आपल्या विचारांना मुकले आहेत. बी मी टाकलंय. आता फक्त आपण बोलायचं."

महाराज फुलले. "किती वेळ बोलू?"

"सुचेल तितका. सुचायचं संपलं तरी थांबू नका."

"श्रोते?"

"हत्ती पुढे, गवे मागे, लेझीम मधे. आणि खुर्च्या नकोत."

"खुर्च्या का नकोत?"

"आपल्यासमोर बसायची कुणाची छाती आहे, महाराज?"

तरसराव हसले. या खेपेला मनापासून.

तिन्ही माळांवर सभा झाल्या. महाराज आभाळाकडे बघून बोलत होते. जनता महाराजांकडे बघून जांभया देत होती. आणि झिपराक्का सगळ्यांच्या पायांकडे बघत, जिभळ्या चाटत, मधूनमधून ओरडत होती, "महाराज, अजून एक मुद्दा! अजून एक!"

तात्पर्य: पुढाऱ्यांच्या भाषणाने काहीच उगवत नाही, असं म्हणणारे आळशी असतात. उगवतं, बाळांनो, भरपूर उगवतं. फक्त सभेच्या आधी गुपचूप बी टाकून ठेवायचं, आणि खुर्च्या लपवायच्या.