एक्याऐंशी कवळ्यांची लेन्स

"ह्या लेन्समधून शंभर पावलांवरच्या माणसाची अक्कलदाढ किडलीय की नाही, ते मी जागेवरून सांगेन!"

कवळीमास्तर हे म्हणाले तेव्हा ते अगदी गंभीर होते. तसे ते रोजच गंभीर असत. बावीस वर्षं दुसऱ्यांचे दात करणाऱ्या माणसाला मोकळेपणानं हसता येत नाही. तो हसून पाहायला लागला, की समोरचा पटकन तोंड मिटतो.

दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे साचे पाठवत. त्या साच्यांवरून मास्तर आपल्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवत. गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर, बारीक कानशी, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेली बिनदाताची तोंडं. हात स्वच्छ, काम चोख, कुणाशी वाकडं नाही. पण प्रत्येकाच्या मनात एखादी इच्छा देव ठेवूनच देतो. मास्तरांच्या मनात एक जांभई होती. बिबट्याची! आयुष्यभर खोटे दात केले, आता एकदा तरी खरे, कुणी हात न लावलेले, जिथल्या तिथे उगवलेले सुळे डोळे भरून पाहायचे आणि फोटोत धरून ठेवायचे, एवढंच त्यांचं मागणं होतं. बिबट्या जवळ जाऊ देत नाही. म्हणून लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी.

"किंमत?" चादरीची घडी घालता घालता पत्नीनं विचारलं.

"पूर्ण कवळ्यांच्या एक्याऐंशी जोड्या."

"पैशांत सांगा."

मास्तरांनी सांगितलं. चादर अर्ध्या घडीत थांबली.

"अहो, आणि बिबट्या कुठाय?"

"रानात."

"तुम्ही कधी गेलाय रानात?"

"लेन्सशिवाय जाऊन करू काय?"

यावर त्या माउलीनं चादरीची घडी पुरी केली. ती वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात कामाला होती. ती कोपऱ्यावर दिसली की दुकानांतले तराजू आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणत. घरातही तिची रीत तीच.

"मोजून पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," ती म्हणाली. "एक दिवस भाड्यानं आणा. उद्या लेकीची शर्यत आहे, तिथं पारखा. संध्याकाळी सहाला परत द्यायला जाऊ, तेव्हा दुकानातच काय ते ठरवू."

लेक कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. दोनशे मीटरची शर्यत. पहिली येईल तीच पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार, दुसरीला टाळ्या. आठ महिने पोर पहाटे उठून धावत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नुसतं बघायला या ना."

"अगं, बघायलाच तर आणतोय!"

सकाळी लेन्स घरी आली. टॉवेलात गुंडाळलेली, नुकतं न्हाऊ घातलेल्या बाळासारखी, आणि वजनालाही तेवढीच. मास्तरांनी ती आपल्या कॅमेऱ्याला जोडून आधी तळ्यावरच्या बगळ्यावर लावून पाहिली. पीस न् पीस दिसलं. पण पाचव्या मिनिटाला त्यांचं मन उडालं. पक्ष्यांना दात नसतात.

मैदानाच्या फाटकापाशी मात्र नवल घडलं. पालकांना बाजूच्या छोट्या दारानं आत सोडत होते. रखवालदारानं लेन्स पाहिली, उठून उभा राहिला आणि मोठं फाटक उघडलं.

"या साहेब! वर्तमानपत्राकडून ना?"

"नाही हो, मी दातांचा—"

"कुठलं का असेना, या!"

आत गेल्यावर एका शिक्षिकेनं त्यांच्या गळ्यात अधिकृत छायाचित्रकाराची पट्टी अडकवली. दुसरीनं खुर्ची दिली. तिसरीनं चहा आणला. मास्तर प्रत्येकीला "अहो, तसं नाही" म्हणत होते. पण ते इतक्या हळू आणि इतक्या गंभीरपणे म्हणत, की तो त्यांचा विनय वाटे. पालकांच्या गर्दीतून पत्नी हे सगळं पाहत होती. तिनं फक्त मान हलवली. ती होकाराची नव्हती.

शेवटच्या रेषेपाशी एक म्हातारे फोटोवाले उभे होते. वर्षानुवर्षं शाळेच्या शर्यतींचे फोटो तेच काढत. छोटासा कॅमेरा, तीन पायांचा स्टँड, डोक्यावर टोपी. त्यांनी मास्तरांची लेन्स खालून वरपर्यंत न्याहाळली.

"केवढ्याला हो?"

"अजून ठरायचंय."

"म्हणजे विचारू नये इतक्याला!" म्हाताऱ्यांनी निःश्वास सोडला आणि स्टँडचे पाय मिटायला घेतले. "तुम्ही आहात म्हटल्यावर आमचं काय काम इथं? मी जातो चहाला."

"अहो आजोबा, थांबा! मी फक्त माझ्या मुलीचा एक—"

"एक काढा नाही तर हजार काढा. आता रेषा तुमच्या पदरात!" असं म्हणून ते खरोखरच गेले.

मास्तर त्यांच्या मागे दोन पावलं धावले. पण तेवढ्यात शिट्टी झाली.

ते रेषेच्या वीस पावलं पलीकडे, धावणाऱ्या मुलींच्या थेट समोर, गुडघा टेकून बसले. लेन्स पूर्ण लांबवली. दूरवर आठ मुली वाकल्या. हिरव्या बनियनमध्ये लेक, शेजारच्या पट्टीत पिवळ्या बनियनमधली उंच मुलगी. बंदूक वाजली!

आता खरं सांगायचं तर मास्तरांनी शर्यत पाहिलीच नाही. त्यांनी लेकीचे दात पाहिले. वळणावरून ती सरळ रेषेत आली आणि तिनं ओठ मागे खेचून दात आवळले. काय ते दात! वरचे चार, खालचे सहा, प्रत्येकाची कड वेगळी, डावीकडचा सुळा किंचित पुढे, लहानपणी होता तस्साच. बावीस वर्षांत मेणातून असा एक दात त्यांना साधला नव्हता. ते बटण दाबत राहिले. मुली जवळ येत गेल्या तसं बनियन चौकटीतून निसटलं, गळा निसटला, खांदे निसटले. मास्तरांनी लेन्स तसूभर आखडली नाही. बोट बटणावर, डोळा आत, आणि डोळ्यांसमोर नुसते दात!

गलका झाला. मास्तरांनी डोळा काढला तर शर्यत संपली होती.

आणि भांडण सुरू झालं होतं.

"हिरवी पहिली!" रेषेच्या डावीकडचे पंच ओरडत होते.

"पिवळी! मी डोळ्यांनी पाहिली!" उजवीकडचे पंच.

"मग मी काय कोपरानं पाहिली?"

शेवटच्या दहा पावलांत चुन्याच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि दोघी मुली जवळजवळ एकाच पट्टीत धावल्या होत्या. मुख्य पंच, म्हणजे कवायतीचे निवृत्त शिक्षक, यांनी तिसऱ्या पंचांना बोलावलं. "तुम्ही बरोबर रेषेवर होतात. काय दिसलं?"

तिसरे पंच जमिनीकडे पाहू लागले. "साहेब, मी... ती लेन्स बघत होतो. एवढी मोठी मी आयुष्यात पाहिली नव्हती."

सगळ्यांच्या माना एकदम मास्तरांकडे वळल्या. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांना उमगलं. शर्यतीवरून लेन्स पारखायला ते आले होते. आता लेन्सवरून शर्यत पारखली जाणार होती. आणि आणखी एक उमगलं. लेक पहिली असं सिद्ध झालं तर तिची मोठी स्पर्धा पक्की! लेन्स पहिल्याच दिवशी पावेल. बिबट्या त्यांच्या मनात नुसती जांभई नव्हे, आळस देऊन उठलाच.

टेबलाभोवती मंडळी जमली. पिवळ्या मुलीचे वडील आले. ते बसचालक होते आणि गर्दीतून वाट काढायची त्यांना सवय होती. पत्नीही येऊन मागे उभी राहिली. मुख्य पंचांनी चष्मा लावला. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो दाखवला.

सगळे पडद्यावर वाकले.

"हे काय आहे?" मुख्य पंचांनी विचारलं.

"दात," मास्तर म्हणाले.

"ते दिसतंय. छाती कुठाय? शर्यतीत छाती धरतात."

"छाती... खाली राहिली."

"पुढचा दाखवा."

पुढच्यातही दात होते. त्याच्या पुढच्यात त्याहून जवळून. असे त्रेचाळीस.

"अप्रतिम स्पष्ट आहेत हं," मुख्य पंच न राहवून म्हणाले. ते न्यायी गृहस्थ होते.

"मग काय, दात पहिले आले असं जाहीर करायचं का?" बसचालक म्हणाले. "आणि माझी मुलगी कुठंय ह्यात?"

शेवटून दुसऱ्या फोटोत ती सापडली. म्हणजे तिचा कान. चौकटीच्या अगदी कडेला, पुसट. दुसऱ्या बाजूला रेषेवरच्या लाल झेंड्याची काठी लेकीच्या दातांइतकीच लख्ख दिसत होती.

"काठी आणि ही मुलगी सारखीच स्पष्ट. म्हणजे ह्या क्षणी ही बरोबर रेषेवर," डावीकडचे पंच म्हणाले. "आणि हिचं आख्खं तोंड आलंय, पिवळीचा नुसता कान. तोंड कानाच्या पुढे असतं!"

"अहो, पण ज्याचं तोंड त्याच्याच कानाच्या!" बसचालक कळवळले. "माझ्या मुलीच्या कानाच्या पुढेही तोंड आहे हो! तुमच्या डबीत मावलं नाही, त्याला ती काय करणार?"

कुणीतरी हसलं. मुख्य पंच हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या शर्यतीची मुलं उन्हात उभी होती ती पाहिली, आणि म्हणाले, "दुसरा पुरावा नाही. एका पंचाचा शब्द आणि हा फोटो. हिरवीला पहिली देतो."

मास्तरांच्या छातीत आनंद असा उसळला, की त्यांना लेन्स टेबलावर टेकवावी लागली. झालं! लेक चालली! त्यांनी तो फोटो पुन्हा एकदा, आता नुसता बापाच्या डोळ्यांनी, मोठा करून पाहिला.

आणि लेकीच्या हनुवटीवर त्यांना एक काळी पट्टी दिसली.

आधी त्यांना ती सावली वाटली. पण साचे पाहून पाहून त्यांची नजर अशी झाली होती, की कशावर काय बसलंय ते त्यांना सांगावं लागत नसे. ती सावली नव्हती. ते केस होते. कानापासून निघून, हवेत उडून, लेकीच्या खालच्या ओठावरून गेलेले पिवळ्या मुलीचे केस. धावताना केस मागे उडतात. मागे उडालेले केस जर लेकीच्या तोंडाच्या पुढे असतील, तर ते ज्या डोक्याचे आहेत ते डोकं रेषा ओलांडून गेलेलं होतं.

हे कुणालाच दिसलं नव्हतं. कुणाला दिसणारही नव्हतं. मुख्य पंचांनी लेखणी उचलली.

मास्तरांनी लेखणीकडे पाहिलं. फाटक उघडणाऱ्या रखवालदारासारखं त्यांचं मनही त्यांना म्हणत होतं, कुठलं का असेना, या! आठ महिन्यांच्या पहाटा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. मग त्यांनी एकदाच मागे वळून पत्नीकडे पाहिलं. तिला केस दिसले होते की नाही, देव जाणे.

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. "थांबा. दुसरी... माझी मुलगी दुसरी आहे."

त्यांनी बोटानं केस दाखवले. डोकं कसं पुढं होतं ते समजावलं. समजावताना लेन्सची तारीफही करावी लागली, कारण दुसऱ्या कुठल्याही लेन्समध्ये ते केस दिसले नसते. हे बोलणं त्यांना फार जड गेलं.

मुख्य पंचांनी चष्मा काढला, पुसला आणि पिवळीचं नाव लिहिलं. बसचालकांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. "साहेब," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "साहेब, तुम्ही गाडीत कुठंही बसा, कधीही बसा!"

आता लेकीला सांगायचं होतं. मास्तर नळाकडे निघाले. दोघी मुली तिथं होत्या, एकमेकींवर पाणी उडवत. मास्तरांनी घसा साफ केला, लेन्स पाठीमागे लपवली. ती दोन्ही बाजूंनी दिसत राहिली.

"बाळ, मी तुझं एक नुकसान केलंय. मी पंचांना सांगितलं, की तू—"

"दुसरी," लेक म्हणाली. "माहितीये की."

"तुला कसं माहीत?"

"बाबा, हिचे केस माझ्या तोंडात गेले होते! अजून एक दाताला अडकलाय बहुतेक."

पिवळी मुलगी खळखळून हसली. मास्तर हसले नाहीत.

"मग अर्धा तास आम्ही तिथं डोकी फोडत होतो... तू येऊन सांगायचं नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही! तुम्ही सगळे त्या कॅमेऱ्यालाच विचारत होता."

एवढं बोलून तिनं पुन्हा तोंडावर पाणी मारलं. जरा जास्तच वेळ मारलं. तिचे डोळे लाल झाले होते, आणि ते दिसायला मास्तरांना लेन्स लागली नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हाती दिला आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले.

सहाला दहा कमी असताना तिघं दुकानात पोचले. दुकानदारानं टॉवेल उलगडला, काच उजेडात धरून पाहिली, टोपण लावलं.

"काही खोट निघाली का?"

मास्तरांनी पत्नीकडे पाहिलं. हिशेब तिचा होता. तिनं लेन्स दोन्ही हातांत घेतली, अंदाज घेतला आणि सावकाश काउंटरवर ठेवली.

"खोट कसली? उत्तम वस्तू आहे," ती म्हणाली. "खोटं बोलत नाही, कुणाची भीड ठेवत नाही, आणि आपल्या माणसाचं उणं असलं तरी लांबून बरोबर दाखवून देते."

दुकानदाराचा चेहरा फुलला. मास्तरांचाही, इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

"मग बांधून देऊ?"

"नको," ती म्हणाली. "आमच्या घरी ते काम मी बघते."