पंधरा महिन्यांची झोप

चष्मेवाल्यांचा हिशेब सरळ होता. कुत्र्याचं पिल्लू आज तीन महिन्यांचं, अठरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पळवायचं नाही, म्हणजे पंधरा महिने सकाळी आठपर्यंतची झोप वाचली. एवढा नफा त्यांना चष्म्यांच्या धंद्यातही कधी झाला नव्हता.

त्यांची बायको शाळेत खेळाची शिक्षिका. ती रोज पाचला उठून पळायला जायची आणि परतल्यावर नवऱ्याच्या पोटाकडे, सलग तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलाकडे बघावं तशी बघायची. सोमवारपासून तुम्हीही यायचं, असा शेवटी हुकूम सुटला. चष्मेवाल्यांनी नाही म्हटलं नाही. सरळ नाही म्हणायला ते काही नवखे नवरे नव्हते. तुझा वेग मला झेपायचा नाही, त्यापेक्षा एक कुत्री पाळू, तिला तयार करतो, मग ती आणि मी रोज पळू, असं त्यांनी पटवलं. भिंगरी नावाचं हे पिल्लू घरात आलं आणि मगच त्यांनी, दुकानात गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांचं मत बाहेर काढलं. हाडं कोवळी असतात, दीड वर्षाच्या आत पळवलं तर सांधे जन्माचे जातात.

"बरं," बायको म्हणाली. "मग नको पळवायला."

ती इतक्या लवकर मानली, तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला बायको बूट घालून निघाली आणि भिंगरीने दाराशी बसून असा गळा काढला, की घरात कोणी आजारी आहे का हे शेजारीण विचारून गेली. तिसऱ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं, तशी भिंगरी दूधवाल्याच्या पायांमधून सटकली ती थेट बायकोच्या मागावर. पिल्लाने पळायचं नाही हा घरचा कायदा, आणि तो मोडू नये म्हणून कायदा करणाराच पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, एका चपलेवर, तिच्यामागे धावत सुटला. भिंगरीला हा खेळ फार आवडला. ते थांबले की तीही थांबायची, मान तिरकी करून त्यांना दम खाऊ द्यायची आणि पुन्हा सुटायची. बसथांब्यावर उभ्या असलेल्या त्यांच्याच गिऱ्हाइकांनी नव्या चष्म्यांतून सगळं अगदी स्वच्छ पाहिलं.

संध्याकाळी नवरा-बायको भिंगरीला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

"पाठलाग करू नका," डॉक्टर म्हणाले. "उलट दिशेला पळा. ती तुमच्यामागे येईल."

"पण तिनं पळायचं नाही ना, डॉक्टर?"

"दोरीला बांधून, डांबरी रस्त्यावर, मैलोन्‌मैल नाही. मैदानात मनाने बागडली तर चांगलंच आहे. मी तुम्हाला दोन्ही सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. त्यातलं दुसरं चष्मेवाले दुकानातच ठेवून आले होते. डॉक्टरांनी आणखी एक सुचवलं: घरातलं माणूस तिच्याआधी एकटं बाहेर पडलं की ती बिथरते, तेवढं टाळा. बायकोने हे फार लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्या पहाटे पाचला भिंगरी उशाशी हजर. चष्मेवाल्यांनी बायकोला हलवलं.

"अगं, ऊठ. तुझी वेळ झाली."

"मी आधी निघाले तर ती बिथरेल," पांघरुणाआडून उत्तर आलं.

"मग आपण बरोबर जाऊ."

"नको. तिला एकाच माणसाची सवय लागू दे. माझं काय, मी शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर पळेन. आणि अहो, जाताना दार हळू ओढा."

पंधरा महिने चष्मेवाले खिशात बिस्किटाचे तुकडे घेऊन मैदानात उलट दिशेला पळत राहिले. भिंगरी डाव्या पायाशी राहायला शिकली, वळलं की वळायला शिकली, आणि अठराव्या महिन्यात डॉक्टरांनी तिचे सांधे तपासून खुशाल लांब पळवा म्हणून सांगितलं. सकाळच्या फेरीत आणखी अर्धा तास वाढला.

घरातली सकाळची झोप मात्र मिनिटानेही कमी झालेली नाही. साडेसहाला परतल्यावर भिंगरी चष्मेवाल्यांच्या रिकाम्या जागेवर चढते, बायको डोळे न उघडता तिला पांघरुणात घेते, आणि दोघी आठपर्यंत घोरतात. या सगळ्याची किंमत मोजणारा गृहस्थ तेव्हा पायजम्याची ढिली झालेली नाडी आवळत स्वयंपाकघरात चहा टाकत असतो.