टाकी ते कट्टा

दातांत पेन आणि कानावर खडू खोचून मित्र ज्याला मोजपट्टी म्हणत तो तरुण एका घराच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर पालथा पडला होता. स्टीलची टेप शेजारच्या बोळावरून हळूहळू पुढे सरकवत त्याने तिचं टोक पलीकडच्या कट्ट्याला टेकवलं. आठ फूट. त्याने आकडा तळहातावर लिहिला, टाकीच्या कडेवर खडूने ठसठशीत फुली मारली आणि हाताने वाऱ्याचा अंदाज घेतला. तेवढ्यात कट्ट्यामागच्या खिडकीतलं शिलाई मशीन थांबलं. ते मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

मोजपट्टी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. पार्कूर, म्हणजे भिंती, जिने आणि कठड्यांवरून धावत, उड्या मारत जाण्याचा हा खेळ तो वर्षभर शिकत होता. वर्षभरात त्याने शेकडो उड्या मोजल्या होत्या. मारली मात्र एकही नव्हती. मोजून होईपर्यंत अंधार तरी पडायचा, नाहीतर वॉचमन तरी यायचा. आपल्या शहरातले सगळे वॉचमन आता तोंडओळखीचे झाले, म्हणून तिघे मित्र आज सकाळच्या बसने या अनोळखी शहरात आले होते. बसमध्येच खारने, म्हणजे दाताच्या दवाखान्यात दिवसभर गंभीर चेहऱ्याने बसणाऱ्या त्याच्या मैत्रिणीने, त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"आज उडी मारलीस तर तू आमच्यातला. नाहीतर यापुढे फक्त सामान सांभाळायचं."

"आत्ता तरी दुसरं काय करतो तो?" तिसरा म्हणाला. हा काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान.

त्यामुळे मोजपट्टीने मनाशी पक्कं ठरवलं होतं. आज मारायचीच. पलीकडच्या रस्त्यावर जिन्यांचा सराव करायला गेलेले दोघे परत आले, की त्यांच्यासमोर. फक्त एकदा पुन्हा मोजून घ्यावं, म्हणून त्याने टेप उचलली आणि मागून आवाज आला.

"आलात! अखेर आलात तुम्ही!"

घराच्या दारात पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक बाई उभ्या होत्या. फाटक उघडं दिसलं म्हणून तो सरळ आत शिरला होता, आता चांगलीच खरडपट्टी निघणार असं त्याला वाटलं. पण बाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बांधकाम खात्याकडूनच ना?"

"अं..." मोजपट्टीच्या दातांत अजून पेन होतं.

"वाटलंच. तीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी, माणूस बघून ओळखते. चला आत. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही."

"नाही, म्हणजे मी खरं तर..."

"मधे बोलायचं नाही."

मोजपट्टी त्यांच्या मागोमाग गेला. त्या आवाजात असं काही होतं, की आपला गृहपाठ राहिलाय असं त्याला वाटू लागलं. ओसरीवरच्या खुर्चीवर बसेपर्यंत त्याच्या हातात चहा आणि मांडीवर बिस्किटांची बशी आली होती. बाई सांगत होत्या. समोरच्या शिंप्याने कट्टा बोळात पुढे आणला, तेव्हापासून पाण्याचा टँकर आत येत नाही. त्यांनी किती तक्रारी केल्या, पण कुणी फिरकलं नाही.

"आणि आज तुम्ही आलात. सुट्टीच्या दिवशी! मला तर धक्काच बसला."

धक्का मोजपट्टीलाही बसला होता, पण तो सांगायला जागाच मिळत नव्हती. बाहेरून धाड धाड असे आवाज येऊ लागले. शेजारी कुणाचं तरी काम चाललं असावं, असं समजून त्याने दुसरं बिस्कीट घेतलं.

आवाज थांबले आणि थोड्याच वेळात फाटक करकरलं. अंगणात शिंपीकाका उभे होते. गळ्यात मापाची फीत, केसांत विटांचा चुरा आणि हातात घण. त्यांच्या मागे निम्मी गल्ली जमली होती.

"साहेब," काका धापा टाकत म्हणाले, "नोटीस काढू नका. चूक झाली. मीच माझ्या हाताने..."

"मोजपट्टीऽऽ!" फाटकाबाहेरून खारचा आवाज आला. "मारतोस का उडी, का उचलतोस पिशव्या?"

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला.

"ही मुलगी कोण? आणि कसली उडी?"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोजपट्टीने सांगून टाकलं. "बाई, मी खात्याचा माणूस नाही. आम्ही भिंतींवरून उड्या मारायचा सराव करतो."

"सराव?" शिंपीकाकांचे डोळे विस्फारले. "भिंतींवरून? लोकांच्या घरात?"

"चोर आहे हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आधी मोजून ठेवतात!"

"म्हणजे मी," शिंपीकाका म्हणाले, "मी माझा कट्टा... ह्याच्यासाठी... ह्या भुरट्यासाठी..." आणि ते घणासकट पुढे झाले.

ते घण खाली ठेवायला विसरले होते, मारायला उगारला नव्हता. पण एवढा बारीक फरक मोजपट्टीने, आयुष्यात पहिल्यांदाच, मोजला नाही. फाटकात माणसं, दारात बाई. मोकळी होती ती फक्त टाकी. तो टाकीवर चढला. पायांना फुली आपोआप सापडली. काळजाचा ठोका चुकला, पाय चुकला नाही. खाली बोळ, बोळात उघडं गटार आणि वर मोजपट्टी.

तो पलीकडे कट्ट्यावर उतरला. दोन्ही पायांवर, अलगद, शिकवल्यासारखा.

खारने आ वासला होता. शिंपीकाकांच्या हातातला घण कधीच गळून पडला होता.

"अरे बापरे," सगळ्यांत आधी बाई म्हणाल्या. "कट्टा तोडलेला असताना?"

"तोडलेला?" मोजपट्टीने मागे वळून पाहिलं. कट्ट्याच्या कडेला ताज्या फुटलेल्या विटा होत्या. "केव्हा तोडला?"

"तू बिस्किटं खात होतास तेव्हा," बाई म्हणाल्या. त्याचं साहेबपण एव्हाना संपलं होतं.

मोजपट्टीने खिशातून टेप काढली. टोक तुटक्या कडेवर दाबून त्याने टेपची डबी पलीकडे फेकली. शिंपीकाकांनी राग विसरून ती झेलली आणि टाकीवर चढून फुलीवर धरली.

"ओढून धरा काका, ढिली पडतेय."

"आयुष्य गेलं मापं घेण्यात. मला शिकवू नकोस." काकांनी डोळे बारीक केले. "नऊ फूट. थोडं वरच."

मोजपट्टीने तळहात पाहिला. आठ. मग त्याने गटाराकडे पाहिलं. तो फुटक्या विटांवर मटकन बसला.

"नऊ फूट मला येत नाही," तो कळवळून म्हणाला.

"अरे, मारलीस ना आत्ता!" पैलवान ओरडला.

"एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही."

"मग परत मार," खार म्हणाली. "इकडेच यायचंय ना तुला? ये."

सगळी गल्ली श्वास रोखून बघू लागली. शिंपीकाका वाट मोकळी करून टाकीच्या कोपऱ्यात सरकले. बाईंनी मान डोलावून परवानगी दिली. मोजपट्टी उठला, तुटक्या कडेपर्यंत आला, खाली वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

मग तो वळला, शिंप्याच्या दुकानातून रस्त्यावर उतरला, सबंध गल्लीला वळसा घालून फाटकापाशी आला आणि पैलवानाच्या हातातल्या पिशव्या त्याने काढून घेतल्या.

"तुम्ही जा सरावाला," तो म्हणाला. "मी सामान सांभाळतो."