शमशादभाबींची दरबारी कोरियन

लोणंदमध्ये कोंबड्यांना कोरियन भाषेत हाकलणारी एकच बाई आहे, आणि ती आमच्या समोर राहते. शमशादभाबींच्या ओट्यावर कोंबडी चढली की त्या एक हात कमरेवर ठेवतात, दुसरा लांब करतात आणि गरजतात, "मुल्लोगारा!" म्हणजे, चालते व्हा. कोंबड्या जातात. एकदा वर्तमानपत्र मागायला गेलेले आमचे हेही परत आले होते.

हे सगळं एका कोरियन मालिकेपायी. डोंगरातल्या तळ्याचा हजार वर्षांचा राखणदार, त्याच्यावर जीव जडलेली राजकन्या, शाप, तलवारी आणि भरपूर बर्फ. भाबींनी ती इतक्यांदा पाहिलीय की खालची अक्षरं त्या आता वाचतच नाहीत. उलट पात्रांनाच आधी बजावतात, "आरं, पिऊ नगंस ते, इख हाय त्यात!" तो पितोच. मग भाबी कपाळावर हात मारतात, "कवा शाना व्हनार ह्यो!"

भाषेबद्दलही त्यांचं मत पक्कं. "आवं वैनी, आपलीच हाय ही. बापाला आप्पा, आईला ऑम्मा. आता राणीला मामा म्हनत्यात आन् भाताला बाप, येवढाच काय तो घोळ."

आम्ही हसायचो. मग गल्लीत जुन आला.

जुन कोरियाचा. इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला, कोवळ्या चेहऱ्याचा इंजिनियर. आमच्या शेजारच्या माडीवर भाड्यानं राहायचा. कुणाशी बोलणं नाही, मान खाली. पावसाळ्यात त्याला ताप आला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली. डबा तसाच परत. कारखान्यातली माणसं येऊन दार ठोठावून गेली. दुभाष्या फोनवरून विनवून थकला. आतून नुसतं कण्हणं. दुसऱ्या दिवशी तेही येईना, तेव्हा मालक कटावणी शोधायला लागले.

"थांबा," भाबी म्हणाल्या. "पोरगं दचकंल."

पदर खोचला, तांदळाची गरम पेज घेतली आणि जिना चढल्या. आम्ही मागोमाग. दारापुढं उभं राहून भाबींनी घसा साफ केला आणि मालिकेतला सेनापती महालाबाहेर ओरडतो तसं खणखणीत ओरडल्या, "जोनहा! मुनुल योशिप्शिओ!"

महाराज, दार उघडावं!

आत खाट करकरली. मग खोकला. मग, खरं सांगते, हसू. खोकत, हसत, भिंतीला धरत कुणीतरी आलं आणि कडी निघाली. जुन थरथरत उभा होता, डोळ्यांत पाणी.

"बाप," भाबी वाडगा पुढं करून म्हणाल्या.

त्यानं तिथंच उंबऱ्यात बसून पेज संपवली. डॉक्टर आले, सुई टोचली. खाली गल्लीत टाळ्या पडल्या. भाबी जिना उतरताना दोन्ही बाजूंना मान झुकवत होत्या. राज्याभिषेकच म्हणा.

तेव्हापासून जुन त्यांना मामा म्हणायला लागला. आता अख्खी गल्ली म्हणते. त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला की दोघी तास-तास बोलत. एकीला दुसरीचं काही कळत नसे, अडतही नसे.

काम संपलं तसा तो परत निघाला. जाताना ओट्यावर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. भाबींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि गाडी वळेस्तोवर ताठ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर तीच मालिका, पहिल्यापासून.

"अहो भाबी, जुननं इतक्या नव्या मालिका सांगितल्यात. एखादी लावा की."

त्यांनी आवाज बंद केला. "नव्यात कोन परत येतंय, कोन न्हाई, काय ठावं? हितं शेवटाला समदी घरला येत्यात, वैनी. मला ठावं हाय."

त्यांचा एकुलता एक सलीम दुबईला असतो. दर ईदेच्या आधी 'येतो' म्हणतो.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले.

"आवाज वाढवा, भाबी."